कोणी लिहीत नाही असा सुपरहिरो कसा निवडायचा: ग्वाल्हेरहून एक सविस्तर गाईड

कॉमिक लिहायचंय म्हटलं की तोंडात पहिलं नाव बॅटमॅन, नाहीतर नागराज, नाहीतर ध्रुव. हरकत काहीच नाही, पण बॅटमॅन १९३९ पासून चालू आहे आणि त्याच्या आईवडिलांच्या खुनाचा सीन इतक्या जणांनी इतक्या प्रकारे लिहून झालाय की तुमच्या वाट्याला उरलं काय, तर त्या गल्लीत त्याच्या आईचा हार तुटला तेव्हा मोती नक्की किती सांडले. त्यापेक्षा मागच्या बाकावरचा हिरो उचला. ज्याचे दहा-वीस अंक निघाले, मग कोणी विचारलं नाही, असा. तिथे तुम्हाला कोणी अडवत नाही, वाचकाची अपेक्षा कमी असते, आणि खरं सांगायचं तर गेल्या चाळीस वर्षांत गाजलेल्या सुपरहिरो कॉमिक्सपैकी बरीचशी अशाच पडीक हिरोंवर लिहिलेली आहेत.

पण निवडताना बहुतेक लोक पॉवर बघतात. हा उडतो, तो आग ओकतो, मस्त, घेतला. पॉवर सगळ्यात शेवटी बघा. आधी बघा की त्याच्या गोष्टीत कुठली जागा रिकामी राहून गेलीय, आणि ती भरायला तुमच्याकडे, तुमच्या गावातून, तुमच्या घरातून आणलेलं काही आहे का. पुढे जे काही सांगतोय ते सगळं याच एका गोष्टीसाठी.

आधी नावं गोळा करा

गूगल उघडायच्या आधी कागद घ्या आणि आठवतील ती नावं लिहा. आपण लष्करातली (सैन्यातली नव्हे, ग्वाल्हेरच्या लष्कर भागातली) मराठी मुलं, घरात बोलणं मराठीत पण कॉमिक्स मात्र हिंदीतच वाचलेली, उन्हाळ्यात भाड्याने आणून, परत द्यायच्या आत भावंडांत फिरवून. त्यामुळे डोक्यात बराच माल पडलेला असतो. राज कॉमिक्सचे नागराज-ध्रुव-डोगा सोडा, त्यांच्या मागच्या रांगेत बघा: अँथनी (मेलेला माणूस, कबरीतून उठतो, सोबत प्रिन्स नावाचा कावळा), शक्ती, परमाणू, इन्स्पेक्टर स्टील, गगन, फायटर टोड्स. तुलसी कॉमिक्सचे अंगारा आणि जम्बू. डायमंडचा फौलादी सिंग. मनोज कॉमिक्सचे राम-रहीम. इंद्रजालचा बहादुर, आणि इंद्रजाल तर मराठीतही निघायचं, वेताळ आठवत असेलच, घरात एखाद्या काकांच्या पेटीत अजून अंक सापडतात.

परदेशी नावांसाठी एक सोय फार कामाची आहे. डिजिटल कॉमिक म्युझियम आणि कॉमिक बुक प्लस या दोन साइट्सवर १९४०-५० च्या काळातली, कॉपीराइट संपलेली अमेरिकन कॉमिक्स स्कॅन करून फुकट ठेवलीत. ब्लॅक टेरर, फायटिंग यँक, असले हिरो तिथे ढिगाने. कोण कुठल्या अंकात पहिल्यांदा आलं, कोणी लिहिलं, कोणी काढलं हे बघायला ग्रँड कॉमिक्स डेटाबेस. जुने हिंदी अंक मात्र हातात घ्यायला दिल्ली गाठावी लागते, दरियागंजचा रविवारचा पुस्तकबाजार २०१९ पासून महिला हाटमध्ये भरतो, सकाळच्या गाडीने जाऊन रात्री परत येता येतं.

दहा-बारा नावं झाली की थांबा. पन्नास नावांची लिस्ट करणारे पुढे काहीच लिहीत नाहीत, हे मी बरंच बघितलंय.

तो मागे का पडला ते शोधा

ही पायरी लोक गाळतात. हिरो वाया गेला असं आपण सहज म्हणतो, पण वाया जायची कारणं वेगवेगळी असतात आणि कारणावरून कळतं की त्यात जीव आहे का.

सगळ्यात चांगलं कारण म्हणजे दुकान बंद पडलं. हिरोचा दोष नाही, पब्लिशरच गेला. इंद्रजाल १९९० मध्ये बंद झालं आणि बहादुर तिथेच अडकला, तुलसी कॉमिक्स गेलं आणि अंगारा-जम्बू त्याच्यासोबत गेले. असा हिरो डोळे झाकून लिस्टमध्ये ठेवा.

दुसरं कारण नक्कल. फायटर टोड्स बघितले की निन्जा टर्टल्स आठवतात आणि आठवणारच, टर्टल्स १९८४ चे, टोड्स त्यांच्यानंतरचे. नक्कल असणं म्हणजे बाद असं नाही, पण मग तुम्हाला शोधावं लागेल की त्यांच्यात काय आहे जे मूळच्यांत नाही. टोड्सच्या बाबतीत माझ्या मते ते आहे, आपल्याकडची गटार. न्यूयॉर्कच्या सिवरमध्ये आणि आपल्या नाल्यात फरक आहे, कोणीतरी लिहा बाबा.

तिसरं, नावाचं भांडण. कॅप्टन मार्व्हलचं उदाहरण यासाठी माहीत असावंच. फॉसेट कंपनीचा हा हिरो १९४० मध्ये आला, खूप खपला, सुपरमॅनवाल्यांनी नक्कल केली म्हणून कोर्टात खेचलं आणि १९५३ मध्ये फॉसेटने त्याला बंदच केलं. मधल्या काळात, १९६७ मध्ये, मार्व्हल कंपनीने त्याच नावाचा आपला वेगळा हिरो काढला. म्हणून १९७३ मध्ये डीसीने, म्हणजे त्याच सुपरमॅनवाल्यांनी, जुन्याला परत आणलं तेव्हा कॉमिकला त्याचं स्वतःचं नाव देता येईना, शझॅम द्यावं लागलं. बिचाऱ्याची शक्ती देवांची आणि नाव वकिलांच्या ताब्यात.

चौथं, हिरो फार ताकदवान. ज्याला काहीच होत नाही त्याची गोष्ट लिहिणं अवघड, नवख्याने टाळावं. पाचवं, हिरो म्हणजे जोक होता. आणि हे पाचवं कारण दिसलं की मी खुश होतो, का ते खाली येईल.

पहिला अंक आणि शेवटचा अंक

मधलं सगळं नंतर वाचा. पहिल्या अंकात लेखकाने काय कबूल केलं होतं आणि शेवटच्या अंकापर्यंत त्यातलं काय द्यायचं राहून गेलं, एवढंच बघायचं. वहीत दोन कॉलम करा, बास.

रिकामी जागा म्हणजे नक्की काय

उदाहरणांशिवाय हे हवेत राहील, म्हणून जरा लांबण लावतो.

१९४४ मध्ये अमेरिकेत ब्लेझिंग कॉमिक्समध्ये ग्रीन टर्टल नावाचा हिरो आला. काढणारा चू हिंग, चिनी वंशाचा अमेरिकन चित्रकार. हिरो चीनमध्ये जपानी सैन्याशी लढतो, अंगावर कासवाचं चित्र असलेला केप. गंमत अशी की त्याचा चेहरा नीट कधी दिसतच नाही, कधी पाठ, कधी मध्ये हात, कधी सावली. असं सांगतात की चित्रकाराला हिरो चिनी करायचा होता, पब्लिशरला नको होता, म्हणून त्याने चेहराच दाखवला नाही. खरं-खोटं कोण सांगणार, थोडेच अंक निघाले आणि संपलं. सत्तर वर्षांनी, २०१४ मध्ये, जीन लुएन यांग आणि सोनी लिऊ या दोघांनी त्याच्यावर आख्खं पुस्तक केलं, द शॅडो हीरो, आणि त्यात तो चक्क चायनाटाउनमधला चिनी पोरगा, आई मागे लागलीय म्हणून हिरो झालेला. आता बघा, यांगने पॉवर बघून निवडलं का? जो चेहरा दाखवला नाही तीच जागा त्याने उचलली, आणि ती भरायला त्याच्याकडे स्वतःच्या घरातला अनुभव होता. एकदम फिट्ट.

दुसरं, अ‍ॅनिमल मॅन. १९६५ चा डीसीचा हिरो, बडी बेकर, जवळ जो प्राणी असेल त्याची ताकद घेतो. वीसेक वर्षं कोणी हिंग लावून विचारलं नाही. १९८८ मध्ये ग्रँट मॉरिसनला चार अंकांचं काम मिळालं, ते वाढून सव्वीस अंक झाले. त्याने काय केलं, साधा प्रश्न विचारला, की जो माणूस जनावरांकडून रोज काहीतरी घेतो तो त्यांना परत काय देतो? तिथून शाकाहार आला, प्राण्यांवरचे प्रयोग आले, घरातली बायको-मुलं आली, आणि शेवटी हिरो स्वतःच्या लेखकासमोर जाऊन उभा राहिला. पॉवर तीच होती हो, १९६५ पासून, फक्त त्या पॉवरचा अर्थ कोणी विचारला नव्हता.

तिसरं, जोकवालं. स्क्विरल गर्ल, मार्व्हलच्या १९९१ च्या हिवाळी अंकात आली, चित्रं स्टीव्ह डिटकोची, म्हणजे स्पायडरमॅन पहिल्यांदा काढणाऱ्याची. खारींशी बोलते आणि पहिल्याच गोष्टीत डॉक्टर डूमसारख्या बड्या व्हिलनला हरवते. सगळे वर्षानुवर्षं हसले. २०१५ मध्ये रायन नॉर्थ आणि एरिका हेंडरसन यांनी तिला कॉम्प्युटर सायन्स शिकणारी मुलगी केलं, जी अर्ध्या व्हिलनांशी मारामारी न करता बोलून प्रश्न सोडवते. जोक तसाच ठेवला, पण तिच्यावर हसले नाहीत, तिच्यासोबत हसले. म्हणून म्हटलं, जोक असलेला हिरो दिसला तर सोडू नका, त्याच्याकडे कोणी सिरियसली बघितलेलंच नसतं, सगळं शेत तुमचं.

आता ही जागा तुमची आहे का

माझ्या भाचीला शक्ती घ्यायची होती. मी विचारलं का, तर म्हणाली, "मामा, राज कॉमिक्समध्ये बाई म्हणून ती एकटीच तर मोठी आहे." मी म्हटलं हे तिच्याकडे बघायचं कारण झालं, तिला लिहायचं कारण नाही, अजून खोल जा. शक्तीची गोष्ट अशी की चंदा नावाची बाई, मुलगी नको म्हणून नवऱ्याने जे केलं त्यातून कालीची शक्ती तिच्यात येते, मग हात लावला की लोखंडाचं हत्यार होतं आणि बाईची किंकाळी तिला कुठूनही ऐकू येते. भाची दोन दिवसांनी फोनवर, "मामा, ती किंकाळी ऐकते, पण ज्या जन्मल्याच नाहीत त्यांचं काय? त्या ओरडतच नाहीत ना." आता हे बोलणारी पोरगी ग्वाल्हेरची आहे. २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांखालच्या मुलींचं प्रमाण सगळ्यात कमी असलेल्या मध्य प्रदेशच्या जिल्ह्यांत मुरैना, भिंड आणि आपलं ग्वाल्हेर, तिन्ही आहेत. बाईच्या किंकाळीवर धावून येणारी हिरोईन आणि जिथे किंकाळीच नाही असा जिल्हा. मी म्हटलं, घे, लिही, आता मला विचारू नकोस.

माझा स्वतःचा हिरो बहादुर. आबिद सुरतींनी लिहिला, गोविंद ब्राह्मणिया यांनी काढला, १९७६ मध्ये इंद्रजालमध्ये आला. भगवा कुर्ता, जीन्स, कराटे. त्याचा बाप डाकू, पोलिसांच्या गोळीने मेलेला, आणि ज्या पोलीस अधिकाऱ्याने बापाला मारलं, विशाल, त्यानेच पोराला वाढवलं. मोठा होऊन बहादुर डाकूंविरुद्ध गावकऱ्यांचं नागरिक सुरक्षा दल उभं करतो, सोबत बेला, मारामारीत त्याच्याहून कमी नाही. पॉवर म्हणाल तर काही नाही, सुपरहिरो म्हणायचं की नाही यावर वाद घाला हवं तर.

मी वहीत दोन कॉलम केले तेव्हा दोन जागा दिसल्या. एक, ज्याने बापाला मारलं त्याच्याच ताटात रोज जेवणारा मुलगा. मी वाचलेल्या अंकांत हे एकदा सांगून टाकलंय आणि मग सगळे कामाला लागलेत. दुसरी जागा मोठी आहे. बहादुर आला त्याच्या चारच वर्षं आधी, एप्रिल १९७२ मध्ये, मुरैना जिल्ह्यातल्या जौऱ्याच्या आश्रमात जयप्रकाश नारायणांसमोर मोहर सिंग, माधो सिंग आणि त्यांच्यासोबतच्या बागींनी (चंबळच्या डाकूंना इकडे बागी म्हणतात) शस्त्रं ठेवली होती. काही जण पुढे मुंगावलीच्या खुल्या जेलमध्ये राहिले. १९८२ मध्ये मलखान सिंग आणि १९८३ मध्ये फूलन देवी, दोघे भिंडला शरण आले. म्हणजे ज्या डाकूंशी लढायला बहादुर जन्माला घातला ते डाकू खऱ्या चंबळमध्ये हळूहळू घरी परतत होते. मग त्या दलाचं काय झालं? बंदुका कुठे गेल्या? शरण आलेला बागी शेजारच्या गावात शेती करतोय आणि त्याने मारलेल्याचा मुलगा दलात आहे, दोघे बाजारात समोरासमोर आले तर?

आणि आज? आज बीहडात, म्हणजे चंबळच्या घळींत, डाकू नाहीत, रात्री रेतीचे ट्रॅक्टर आहेत. चंबळचा तो पट्टा घडियालांसाठी राखीव, तरी वाळू निघते. २०१२ मध्ये बानमोरजवळ बेकायदा दगडाने भरलेली ट्रॅक्टर-ट्रॉली थांबवायला गेलेल्या तरुण आयपीएस अधिकाऱ्याचा त्याच ट्रॉलीखाली जीव गेला. सत्तरीतला बहादुर, गुडघे दुखतायत, आणि ट्रॅक्टर चालवणारा पोरगा त्याच्याच जुन्या दलातल्या माणसाचा नातू. कराटेने हे सुटत नाही. म्हणूनच मला लिहायचंय.

तुमच्या बाबतीत हे काढायचं कसं? घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाशी बोला. ग्वाल्हेरात साठीच्या पुढच्या कोणालाही बागींबद्दल विचारा, तास गेला समजा, आणि त्यातली निम्मी गोष्ट ऐकीव असली तरी चालेल, कॉमिक लिहायचंय, एफआयआर नाही. बडोद्याचा असाल तर दुसरं काही निघेल, नागपूरचा असाल तर तिसरं.

घासून बघा

हिरो ठरला असं वाटलं की तीन गोष्टी करून बघा, तिन्ही एका संध्याकाळी होतात.

तुमची गोष्ट चार वाक्यांत लिहा आणि हिरोच्या जागी ध्रुवला टाका. सर्कसमध्ये वाढलेला, डोकेबाज, पशुपक्ष्यांशी बोलणारा, तो जवळजवळ कुठल्याही गोष्टीत चालतो. तुमची गोष्ट त्याच्यासोबतही तशीच चालली तर ती गोष्ट तुमच्या हिरोची नाही. बहादुरच्या जागी ध्रुव टाकला की ट्रॅक्टरची मारामारी चालते पण तो नातू कोरडा पडतो. म्हणजे गोष्ट नातवात आहे.

मग हिरोचा एक साधा दिवस लिहा ज्यात व्हिलन नाही. दूध आणणं, लाइटबिल, सुनेशी खटका. हे लिहिताना जांभई आली तर हिरो बदला, पॉवर बदलून काही होणार नाही.

आणि व्हिलन बघा. व्हिलनला हिरोच्या त्या रिकाम्या जागेचीच माहिती असायला हवी. बहादुरला जो म्हणेल, "तुझ्या बापाला मारणाऱ्याचं मीठ खाल्लंस, आता आम्हाला शिकवतोस?" तोच खरा व्हिलन, मग तो साधा ठेकेदार का असेना.

हक्काचं काय

हे कंटाळवाणं आहे पण वाचा. जुनं आहे म्हणजे फुकट, असं नसतं. आपल्याकडे लेखक गेल्यानंतर साठ वर्षं कॉपीराइट चालतो, म्हणजे बहादुर, शक्ती, अंगारा, सगळ्यांवर कोणाचा ना कोणाचा हक्क आहे. अमेरिकेत १९६३ पर्यंत छापलेल्या गोष्टींचा कॉपीराइट अठ्ठाविसाव्या वर्षी रिन्यू करावा लागायचा, अनेक छोट्या कंपन्यांनी केलाच नाही, म्हणून ब्लॅक टेररसारखे हिरो मोकळे. ज्यांनी रिन्यू केला त्यांना पंचाण्णव वर्षं, त्या हिशोबाने सुपरमॅनचा पहिला अंक २०३४ मध्ये मोकळा होईल. त्यातही फक्त तो पहिला अंक, नंतरच्या अंकांत जे वाढवलं ते नाही, आणि नावाचा ट्रेडमार्क वेगळाच. शझॅमचं वर सांगितलंच.

मग शक्ती किंवा बहादुर लिहायचाच नाही का? सरावाला लिहा, मित्रांना वाचायला द्या, मूळ निर्मात्यांचं नाव वर स्पष्ट टाका, विकू नका. विकायचं असेल तर दुसरा रस्ता आहे. १९८० च्या दशकात डीसीने चार्लटन कंपनीचे हिरो विकत घेतले होते, त्यांच्यावर अ‍ॅलन मूर या लेखकाने डीसीकडे एक गोष्ट नेली. संपादक डिक जिओर्डानो म्हणाले, हे हिरो तू वापरलेस तर नंतर आमच्या कामाचे उरणार नाहीत, नवीन बनव. मूरने नवीन बनवले, क्वेश्चनच्या जागी रॉरशॅक आला, ब्लू बीटलच्या जागी नाइट आउल, आणि ते झालं वॉचमेन, हे गाजलेलं कॉमिक. तुम्हीही तेच करा. रिकामी जागा कोणाच्या कॉपीराइटखाली येत नाही. कुर्ता काढा, नाव बदला, जन्मकथा बदला, गाव खरं घ्या, तो सत्तरीतला म्हातारा आणि तो नातू ठेवा.

पहिली आठ पानं

मोठी सिरीज प्लॅन करू नका. आठ पानांची एकच गोष्ट, पानाला पाच ते सहा पॅनल, संवादाच्या एका फुग्यात वीस-पंचवीस शब्दांच्या वर नाही, मराठीत जोडाक्षरं आणि मात्रा वर-खाली जागा खातात म्हणून त्याहून कमीच बरे. हिरोची ओळख पहिल्या दोन पानांत संपवा, वाचकाला त्याचा इतिहास माहीत नाही आणि माहीत असायची गरजही नाही. चौथ्या पानाच्या शेवटी रिकामी जागा उघडी पडायला हवी, म्हणजे पान उलटल्यावर पाचव्यावर उत्तर नाही, अजून मोठा प्रश्न. संवाद पात्र जसं बोलेल तसे ठेवा, बीहडातला माणूस पुस्तकी मराठी बोलणार नाही, नॅरेशन मराठीत आणि फुग्यात त्याची बुंदेली-भदावरी मिसळलेली हिंदी, असं केलं तरी इथल्या वाचकाला काही अडत नाही.

चित्रकार नंतर शोधा, आधी स्क्रिप्ट अशा माणसाला द्या ज्याने हा हिरो कधीच वाचला नाही. माझी भाची तिची आठ पानं तिच्या आजीला वाचून दाखवतेय. आजीने तिसऱ्या पानावर थांबवून विचारलं, त्या चंदाच्या सासूचं काय झालं पुढे, आणि आता स्क्रिप्ट अकरा पानांची झालीय.